भर दुपारी रान किर्र करतं, ते कुणाच्या जिवावर?

मे महिन्यात दुपारी आंबोलीच्या अलीकडे गाडी थांबवली, काचा खाली केल्या आणि आवाज एकदम आत घुसला. मागच्या सीटवरून भाच्यानं विचारलं, "मामा, इथे लाकूड कापायची गिरणी आहे का?" त्याच्या आईला वाटलं, वरून गेलेल्या विजेच्या तारा गुणगुणतायत. टपरीवर चहा गाळणारे काका म्हणाले, "रातकिडे हो ते." दुपारचे दोन वाजले होते. भाच्यानं लगेच पुढचा प्रश्न टाकला: रातकिडे, तर मग दिवसा कसे?

त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. मोठमोठ्यांनाही तो पडतो. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या साऊथ कॅरोलायना राज्यातल्या न्यूबेरी काउंटीत लोकांनी चक्क पोलिसांना फोन लावले, की सायरनसारखा हा आवाज कुठून येतोय? किडे आहेत, घाबरू नका, असा खुलासा शेरिफच्या कार्यालयाला करावा लागला. त्या वर्षी तिथे जमिनीतून अब्जावधी किडे बाहेर पडले आणि त्या बातम्या आपल्याकडेही आल्या. तो किडा आणि आंबोलीच्या रानातला किडा एकाच कुळातले. नाव सिकाडा.

रातकिडा वेगळा, सिकाडा वेगळा

मराठीत आपण किरकिरणाऱ्या सगळ्यांना रातकिडे म्हणून मोकळे होतो. रातकिडा हा नाकतोडे आणि टोळांचा नातलग. तो पंखावर पंख घासून आवाज काढतो आणि बहुतेक वेळा रात्रीच. सिकाडा निघतो मावा, तुडतुडे आणि ढेकणांच्या गणातला. कापसाच्या पानामागचा तुडतुडा तुम्ही पाहिला असेल, तर त्याला अंगठ्याएवढा मोठा करा, काचेसारखे पारदर्शक पंख लावा आणि डोक्याच्या दोन टोकांना दोन टपोरे डोळे बसवा. सिकाडा साधारण असाच दिसतो. त्याला चावून खाणारे जबडे नसतात. सोंडेसारखी एक नळी असते आणि जन्मभर तो तिनं फक्त रस ओढतो.

जगात त्याच्या ३,००० हून जास्त जाती आहेत. सह्याद्रीत तर प्रत्येक उंचीवर आणि दिवसाच्या प्रत्येक प्रहराला निराळा आवाज ऐकू येतो. गोव्यापासून कन्याकुमारीपर्यंतच्या सदाहरित जंगलांत आढळणाऱ्या एका जातीला अलीकडेच 'पुराना चीवीडा' असं शास्त्रीय नाव मिळालं. मल्याळममध्ये या किड्याला 'चीवीडु' म्हणतात, त्यावरून. मराठीत किड्याला स्वतंत्र नाव रुळलं नाही, पण त्याचा आवाज भाषेत पक्का बसला आहे. दाट जंगलाला आपण 'किर्र रान' म्हणतो. रानाचा दाटपणा डोळ्यांऐवजी कानांनी मोजणारा हा शब्द मला फार आवडतो.

पोटाच्या बाजूला पत्रा, पोटात भोपळा

आता तो आवाज निघतो कसा ते पाहू. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या आणि त्याच्या बाजूला अंगठ्यानं दाबा. पत्रा आत जाताना 'टक' वाजतो आणि बोट काढलं की बाहेर येताना पुन्हा 'टक'. जत्रेत मिळणारा टिनचा टिकटिक बेडूक याच तत्त्वावर वाजतो.

नर सिकाड्याच्या पोटाच्या सुरुवातीला, दोन्ही बाजूंना एकेक असाच बाक असलेला पडदा असतो. त्यावर उभ्या पन्हळी असतात. शास्त्रज्ञ त्याला टिंबल म्हणतात, आपण पडदाच म्हणू. आतला एक दणकट स्नायू पडदा खेचतो, तशा पन्हळी एकापाठोपाठ एक आत दबतात. स्नायू सैल पडला की पडदा पुन्हा जागेवर. काही जातींमध्ये हे एका सेकंदात तीनचारशे वेळा घडतं. एवढ्या 'टक' एकमेकींना चिकटल्या, की कानाला त्या सुट्या ऐकू येत नाहीत. एकसंध करवतीसारखा सूर ऐकू येतो.

पण एवढ्याशा पडद्याचा आवाज अख्ख्या दरीत घुमतो कसा? तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर ती क्षीण वाजते. मिरजेत तिला भोपळा लावतात, तेव्हा ती मैफल भरून टाकते. नर सिकाड्याचं पोट बहुतांशी पोकळ असतं. आत हवा आणि खाली झाकणासारखे दोन पत्रे. म्हणजे त्याचं अख्खं पोट हाच भोपळा. मादीला बहुतेक जातींमध्ये हे वाद्य नसतंच, त्यामुळे तुम्ही ऐकता तो सगळा कोलाहल नरांचा. तो कशासाठी, हे उघड आहे: मादीला बोलावण्यासाठी. प्रत्येक जातीची लय वेगळी असते आणि हजारो आवाजांत मादी आपल्याच जातीची लय ओळखते.

ती ऐकते कुठून? कान डोक्यावर नसतात, तेही पोटावरच असतात. यावरून एक जुना किस्सा आठवतो. फ्रान्सचे कीटकनिरीक्षक झाँ-आँरी फाब्र यांनी एकदा गावच्या उत्सवात उडवायच्या दोन तोफा मागून आणल्या, आपल्याकडे जत्रेत उखळी बार उडवतात तशा. सिकाड्यांनी भरलेल्या झाडाखाली त्या उडवल्या. वर गाणं जराही थांबलं नाही. फाब्र यांना वाटलं, हे किडे बहिरेच असणार. पुढच्या संशोधनानं हे चुकीचं ठरवलं. सिकाडे ऐकतात, पण त्यांचे कान प्रामुख्यानं स्वतःच्या जातीच्या सुरासाठी लावलेले असतात. शिवाय गाताना नर आपल्या कानाचा पडदा सैल सोडतो, म्हणजे स्वतःच्या आवाजानं स्वतःचेच कान फुटायला नकोत.

ती काळजी त्याला घ्यावीच लागते. ऑस्ट्रेलियातल्या काही जातींचा आवाज अगदी जवळून १२० डेसिबलच्या आसपास मोजला गेला आहे. डेसिबल हे आवाजाचं माप, पण त्याची चढण साधी नसते: दर १० डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. आपलं नेहमीचं बोलणं ६० च्या आसपास असतं. भारतातल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ आहे.

सगळं आयुष्य जमिनीखाली

माझ्या मते या किड्याची खरी गोष्ट आवाजाच्या आधीची आहे.

मादी झाडाच्या कोवळ्या फांदीला चीर पाडून आत अंडी घालते. काही आठवड्यांनी तांदळाच्या दाण्याहून लहान पिल्लं बाहेर येतात, टपाटप खाली पडतात आणि मातीत शिरतात. खाली गेल्यावर ती एखादं बारीक मूळ शोधतात, सोंड खुपसतात आणि पिऊ लागतात.

पितात काय? झाडाच्या अंगात दोन प्रकारच्या नळ्या असतात. पानात तयार झालेलं गोड अन्न खाली नेणाऱ्या त्या रसवाहिन्या, आणि मुळांनी शोषलेलं पाणी वर नेणाऱ्या त्या जलवाहिन्या. मावा गोड नळीला तोंड लावतो. सिकाडा मात्र जलवाहिनी निवडतो. तिच्यात जवळजवळ निव्वळ पाणी, थोडे क्षार आणि नावाला पोषण. तांदळाच्या धुवणावर मूल वाढवायचं ठरवलं तर किती वर्षं लागतील, विचार करा. म्हणून पिल्लाची वाढ इतकी सावकाश होते. बहुतेक जातींना काही वर्षं लागतात, अमेरिकेतल्या काहींना १३ किंवा १७. या धुवणात जी पोषकद्रव्यं नसतात, त्यांतली बरीचशी किड्याच्या शरीरात राहणारे जिवाणू त्याला बनवून देतात.

पाण्यावर जगायचं म्हणजे पाणी भरपूर प्यायचं आणि भरपूर टाकायचं. मोठेपणीही सिकाडा फांदीवर बसून हेच करतो. अमेरिकेत जॉर्जिया टेकमधल्या साद भामला यांच्या गटानं २०२४ मध्ये दाखवून दिलं, की इतर बरेच रस पिणारे किडे लघवी थेंबाथेंबानं उडवतात, तर सिकाडा चक्क धार मारतो, तीही वेगानं. उन्हाळ्यात निरभ्र आकाशाखाली, किरकिरणाऱ्या झाडाच्या सावलीत बारीक तुषार अंगावर आले असतील, तर ते कुठून आले ते आता कळलं. घाबरायचं कारण नाही, ते जवळजवळ पाणीच असतं.

वाढ पूर्ण झाली की पिल्लू संध्याकाळी किंवा रात्री मातीतून वर येतं. खोडावर चढून पुढच्या पायांच्या नांग्या सालीत रुतवतं. पाठ मधोमध उकलते आणि आतून फिकट, ओला, मऊ सिकाडा बाहेर पडतो. काही तासांत पंख ताठ होतात, रंग गडद होतो. मागे राहते ती कात, बदामी रंगाची, डोळ्यांसकट आणि नखांसकट हुबेहूब. लहानपणी आम्ही फणसाच्या खोडावरून ती काढून शर्टावर बिल्ल्यासारखी लावायचो.

यानंतर उरतात फार तर काही आठवडे. तेवढ्यात गायचं, मादी गाठायची, अंडी घालायची आणि मरायचं.

मग हे उन्हाळ्यातच का?

"उष्णतेनं किडे तापतात म्हणून ओरडतात" असं अनेकांकडून ऐकलंय. हे अर्धंच खरं. पडद्याचा स्नायू सेकंदाला शेकडो वेळा हलवायचा तर तो गरम लागतो, आणि किड्याच्या अंगाची ऊब बरीचशी उन्हावर अवलंबून असते. ढग आले की रान अचानक गप्प होतं आणि ऊन पडलं की पुन्हा सुरू, ते यामुळे.

जमिनीतून बाहेर पडण्याचा मुहूर्तही तापमानच ठरवतं. अमेरिकेतल्या जातींचा अभ्यास सर्वात जास्त झाला आहे. तिथे साधारण २० सेंटीमीटर खोलीवरची माती १८ अंश सेल्सियसच्या आसपास पोचली, की पिल्लं वर येऊ लागतात, त्यातून एखादी पावसाची सर पडली तर झुंडीनं. पण ऊन म्हणजे फक्त शेवटची घंटा. तयारी त्याच्या कितीतरी वर्षं आधी चालू झालेली असते.

तरीही आपल्याकडे दर वर्षी ऐकू येतात, ते कसं? सोपं आहे. शाळेतून दर वर्षी दहावीची एक तुकडी बाहेर पडते, म्हणून दहावी एका वर्षात होते असं नाही. जमिनीखाली वेगवेगळ्या वयाची पिल्लं असतात आणि दर उन्हाळ्यात त्यांतली एक तुकडी वर येते. आज कानावर पडणारा आवाज काही वर्षांपूर्वीच्या रानात पेरला गेला होता.

एवढा गलका म्हणजे शत्रूला आमंत्रण नव्हे का?

हा आक्षेप बरोबर आहे. पक्षी, सरडे, खारी, साप, सगळ्यांनाच सिकाडा आवडतो. तो चावत नाही, डंख मारत नाही, पळतही फारसा चपळ नाही. मग वाचतो कसा?

एक तर सगळे एकत्र ओरडले की एकाची जागा सापडणं कठीण होतं. झाडाखाली उभं राहून एक सिकाडा शोधायचा प्रयत्न करा, मान दुखेल. दुसरा उपाय अमेरिकेतल्या जातींनी टोकाला नेला आहे. शंभर माणसांच्या पंगतीत दहा हजारांचा स्वयंपाक वाढला, तर सगळे तट्ट फुगेपर्यंत जेवूनही भांडी भरलेलीच राहतील. तसं काही ठिकाणी एका एकरात १५ लाखांपर्यंत सिकाडे एकदम वर येतात. पक्षी खाऊन खाऊन थकतात आणि उरलेले सुखरूप अंडी घालतात.

हे जमायचं तर सगळ्यांनी एकाच वर्षी यायला हवं. अमेरिकेच्या पूर्व भागात १७ वर्षांनी येणाऱ्या १२ टोळ्या आणि १३ वर्षांनी येणाऱ्या ३ टोळ्या आज उरल्या आहेत. प्रत्येकीचा प्रदेश आणि वर्ष ठरलेलं. २०२४ मध्ये एक तेरावाली आणि एक सतरावाली एकाच उन्हाळ्यात आली. १३ गुणिले १७ म्हणजे २२१, म्हणून या दोघींची याआधीची भेट १८०३ सालची. आपल्याकडे त्या वर्षी असईची लढाई झाली होती. पुढची भेट २२४५ मध्ये.

१३ आणि १७ च का? दोन्ही मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही भाग न जाणाऱ्या. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. सिकाडेही बारानं आले असते, तर दर २, ३, ४ किंवा ६ वर्षांनी संख्या वाढणाऱ्या कुठल्याही शत्रूला त्यांची पंगत हमखास साधली असती. सतरावाल्यांचा मुहूर्त असा सहज जुळत नाही. हा तर्क देखणा आहे. मात्र तो अजून तर्कच आहे. हिमयुगातल्या थंडीनं लांबलेली वाढ आणि वेगवेगळ्या टोळ्यांचा संकर टळणं अशीही कारणं मांडली जातात.

वर्षं मोजायची रीत मात्र प्रयोगानं बरीच उलगडली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रिचर्ड कार्बन आणि सहकाऱ्यांनी पीचच्या झाडांना एका वर्षात दोनदा बहर आणवला. त्यांच्या मुळांवरचे सिकाडे एक वर्ष आधी बाहेर आले. म्हणजे ते सूर्य मोजत नाहीत, मुळातून वर चढणाऱ्या रसाचे बहर मोजतात. झाड हीच त्यांची दिनदर्शिका. सतरापर्यंतची ही मोजणी ते लक्षात कशी ठेवतात, याचं उत्तर शास्त्राला अजून सापडलेलं नाही.

भारतातही आहे असा एक हिशेबी सिकाडा

मेघालयच्या री-भोई जिल्ह्यातल्या सैदेन गावाजवळ दर चार वर्षांनी, मे महिन्याच्या सुमारास, असेच घोळके वर येतात. खासी भाषेत नाव 'नियांगतासेर'. शास्त्रीय नाव २०१३ मध्ये मिळालं, 'क्रेमिस्टिका रिभोई'. येण्याची वर्षं पाहा: २०१०, २०१४, २०१८, २०२२. फुटबॉलच्या विश्वचषकाची वर्षंही हीच, म्हणून त्याला विश्वचषकवाला सिकाडा असंही म्हणतात. गावकरी रात्री मशाली घेऊन बांबूच्या रानात जातात, किडे गोळा करतात, खातात आणि मासेमारीला आमिष म्हणून वापरतात. कोणत्या रात्री निघायचं, हे शास्त्रज्ञ पोचण्याच्या पिढ्यानपिढ्या आधीपासून त्यांना ठाऊक होतं. १३ आणि १७ सोडून असा सामूहिक हिशेब पाळणाऱ्या जाती जगात फार थोड्या आहेत. फिजीत आठ वर्षांनी येणारी एक आहे.

पिकांचं काय? कानांचं काय?

मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड आली होती, तेव्हापासून किड्यांचा थवा म्हटलं की पोटात गोळा येतो. ते स्वाभाविक आहे. पण टोळ पानं कुरतडतो आणि सिकाड्याला कुरतडायला तोंडच नाही. नुकसान होतं ते अंडी घालताना: मादीनं चिरा पाडलेल्या बारीक फांद्यांची टोकं सुकतात. मोठ्या झाडाला त्याचं काही वाटत नाही, छाटणी झाल्यासारखंच ते. नव्या, नाजूक रोपांना त्रास होऊ शकतो. तिथे बारीक जाळी गुंडाळणं पुरतं.

कानांबद्दल: ८५ डेसिबलच्या वरचा आवाज तासन् तास ऐकला तर कानाला इजा होऊ शकते. मात्र सिकाड्यांचे मोठे आकडे अगदी जवळून घेतलेले असतात आणि अंतर वाढलं की आवाज झपाट्यानं उतरतो. झाडाखालून चालताना काही होत नाही. डोकं दुखतं हे खरं, माझंही दुखतं.

"औषध मारून बंद करता येत नाही का?"

२०१८ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेत सुटीला आलेल्या पर्यटकांनी एका गावच्या महापौरांना हेच विचारलं होतं. महापौरांनी साफ नकार दिला. तिथे सिकाडा म्हणजे गावाची ओळख. पण समजा मारलं औषध, तर काय होईल? वरचे मरतील, सोबत मधमाश्या आणि किडे खाणारे पक्षी. खालची तुकडी जमिनीत शाबूत, ती पुढच्या वर्षी हजर. आणि जंगल सिकाड्यांपासून मिळणाऱ्या खताला मुकेल. हे किडे लाखोंनी मरून पडतात, तेव्हा मातीला नायट्रोजनचं एक मोठं वाढणं मिळतं आणि खालची झाडं तरारतात, हे मोजून सिद्ध झालं आहे.

त्यांना कायमचं गप्प करायला औषध लागतही नाही. कनेक्टिकट राज्यातली एक सतरावाली टोळी १९५४ नंतर पुन्हा कधी दिसली नाही. पिल्लू ज्या मुळाला तोंड लावून बसतं, ते झाड मधल्या काळात तुटलं, की गोष्ट तिथेच संपते. कुणाला कळतही नाही, कारण तो आवाज गेल्याचं ध्यानात यायला काही वर्षं जावी लागतात. झाड ठेवलं पण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, तरी तेच. खालून वर येणाऱ्याला मातीच सापडत नाही.

आमच्या जुन्या घरामागे तो फणस अजून आहे. अंगण मात्र चार वर्षांपूर्वी फरशी घालून बंद केलं, पावसात चिखल होतो म्हणून. परवा भाच्याला घेऊन खोडाभोवती कात शोधली. एकही मिळाली नाही. कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांच्या मोकळ्या परड्यात बोटाच्या पेराएवढी सात भोकं मोजली आणि गड्याच्या झाडूला चिकटलेली एक कात मिळाली. यंदाच्या दिवाळीत आमच्या फणसाभोवतीच्या फरश्या उचलायचं घरात ठरलं आहे.